पलीकडच्या बाकावरची मार्दिया

बेस्से रोस्मिना इंडोनेशियातल्या मकास्सरच्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवायला लागल्या, तेव्हा त्यांची आई बंदराजवळच्या बाजारात मासे विकत होती. लेक नेमकं काय शिकवते हे आईला कधी उमगलं नाही. "जगाचा बाजार शिकवते," असं ती गिऱ्हाइकांना ऐटीत सांगे, आणि त्या दिवशी कुणाची घासाघीस ऐकून घेत नसे.

मुलं पुस्तकातली सूत्रं पाठ करत, पेपरात उतरवत आणि विसरून जात. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी रोस्मिनांनी, म्हणजे मुलांच्या रोसबाईंनी, बाकं समोरासमोर लावली, वर्गाचे दोन देश केले आणि म्हणाल्या, "करा सौदा!" तेव्हापासून दर सत्राच्या शेवटी अशा वाटाघाटी होऊ लागल्या. नियम एकच. ज्याचं पोट ज्या मालावर, त्याने त्याच्या विरुद्ध बाजूला बसायचं.

सव्वीस वर्षांनी या नियमावर अडून बसली मार्दिया. मकास्सरजवळच्या ताकालारमधल्या ऊसवाल्याची मुलगी. विषय होता साखरेवरचं आयात शुल्क, आणि तिच्या वाट्याला आली परदेशी साखरेची बाजू.

"बू," बाईंना सगळे आदराने म्हणत तसं ती म्हणाली, "मी शुल्क उतरवा म्हणू? माझ्याच बापाच्या पोटावर पाय देऊ?"

"वर्गातल्या बोलण्याने ऊस वाळत नाही, बाळ," रोसबाई म्हणाल्या. "उद्या खऱ्या बैठकीत समोरचा काय बोलेल, हे तुझ्यासाठी मी शिकून ठेवू?"

तीन दिवस मार्दिया गाल फुगवून होती. मग ग्रंथालयात ठाण मांडून बसली. ठरल्या दिवशी वडिलांनाच घेऊन आली. वडील, दाएंग सिला, अंग चोरून मागच्या बाकावर टेकले.

मार्दिया उभी राहिली. "तुमच्या साखरेला शुल्काचा आडोसा हवा, मान्य. पण त्यामुळे जो जादा भाव मिळतो, त्यातला ऊसवाल्यापर्यंत किती पोचतो? सांगा ना!"

समोरची मुलं कागद चाळत राहिली. शेवटी तोडगा तिनेच काढला. शुल्क दहा वर्षांत थोडं थोडं उतरवायचं, आणि तोवर जमा होणारा शुल्काचा पैसा उसाच्या नव्या बेण्यावर खर्च करायचा. दोन्हीकडून सह्या झाल्या.

दाएंग सिला उठले.

"पोरी, भर वर्गात विकलंस की आम्हाला!"

"चांगल्या भावाने विकलं, बाबा!"

हशा ओसरल्यावर ते रोसबाईंकडे वळले. "बू, तीस वर्षं ऊस लावतोय. आमच्या हातात किती पडतं, हे कुणी विचारलं नव्हतं. हिने विचारलं. तेही परक्यांच्या बाकावर बसून."

आज मार्दिया जकार्ताला व्यापार खात्यात आहे, देशाच्या बाजूने वाटाघाटींना बसते. रोसबाई एरवी मुलांचं तोंडावर कौतुक करत नाहीत. पण तिची नेमणूक कळली तेव्हा त्या शिक्षकांच्या खोलीत उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझी विद्यार्थिनी आहे ती!"