हेल्मेटवरची चुंबळ

आईच्या टाळूवर केस नव्हते. बांगडीएवढी गोल जागा, तेल लावल्यासारखी गुळगुळीत. म्हणून ती डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायची नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच आयांना अशी जागा असते. एकदा वर्गातल्या मैत्रिणीच्या घरी गेले, तिच्या आईची कमरेपर्यंतची वेणी बघितली आणि घरी येऊन विचारलं. आई म्हणाली, "तिचा नवरा नोकरीला हाय. तिला कशाला घमेलं उचलाय लागतंय?"

आमचं गाव गगनबावड्याकडचं. डोंगरउतारावर नाचणीचे दोन तुकडे, एवढीच शेती. मी तिसरीत असताना वडील तापानं गेले. आईनं मला आणि धाकट्या भावाला घेऊन कोल्हापूर गाठलं, मंगळवार पेठेतल्या एका बोळात एक खोली भाड्यानं घेतली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मजुरांच्या नाक्यावर जाऊन उभी राहिली. बिगारी म्हणून. वीट, वाळू, खडी, कालवलेला माल, जे म्हणतील ते डोक्यावर घ्यायचं आणि म्हणतील त्या मजल्यावर न्यायचं.

संध्याकाळी तिची मान वळायची नाही. हाक मारली की ती अख्खीच्या अख्खी वळायची, दारासारखी. आम्ही दोघं हसायचो. मुद्दाम डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा हाक मारायचो. ते आठवलं की आजही स्वतःला दोन द्याव्याशा वाटतात.

आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला, मग डिग्री केली, मग सुरक्षिततेचा एक वर्षाचा कोर्सही केला. हे मी मिरवायला सांगत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी मिरवायलाच सांगते. का मिरवू नये?

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसची तीन मजली इमारत उठत होती. तिथं सेफ्टी ऑफिसर म्हणून मी लागले. पगार कारखान्याचा, ठेकेदाराचा नाही, त्यामुळं ठेकेदारानं माझं ऐकायचं असं ठरलेलं. पहिल्याच आठवड्यात मी नियम लिहून काढले. चांगल्या मराठीत, मोठ्या अक्षरांत. गेटपासून हेल्मेट घालायचं. आत कुणी बिनहेल्मेटचं दिसलं की लाल कार्ड. तीन लाल कार्डं झाली की कामावर प्रवेश बंद. शेजारी एक पोस्टर लावलं. त्यात पिवळं हेल्मेट घातलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गोरा गडी हसत होता. त्या पोस्टरवर बाई नव्हती. मला ते खटकलंसुद्धा नाही.

त्या साईटवर माल वर न्यायचं काम बायकाच करायच्या. त्यांची म्होरकी पन्नाशीची एक बाई होती, तिला सगळे मावशी म्हणायचे. बरोबर तिची सून. सुनेचा नवरा पुण्याकडं कामाला गेलेला, फोन आला तर आला. सासू-सून दोघी एकामागं एक जिना चढायच्या, उतरताना भांडायच्या आणि चढताना गप्प असायच्या. चढताना बोलायला श्वास राहत नाही, हे मला आईमुळं माहीत होतं. बघा, एवढं माहीत होतं.

मावशी गेटवर हेल्मेट घालून यायची आणि जिन्याच्या पायथ्याशी ते काढून बाहेर आलेल्या सळीला अडकवायची. मग जुन्या लुगड्याची चुंबळ वळून टाळूवर ठेवायची, त्यावर घमेलं. मी पहिलं लाल कार्ड तिलाच दिलं.

ती म्हणाली, "बाई, हे टोपडं घालून घमेलं कुठं ठिऊ? खांद्यावर?"

"मावशी, नियम सगळ्यांना सारखा आहे."

"व्हय की. पर डोस्की सारखी न्हाईत न्हवं? तुमच्या डोस्क्यावर कुठं काय हाय?"

बायका हसल्या. सून तर पदर तोंडात धरून हसली. मला त्या हसण्याचा राग आला आणि दुसरं कार्ड मी तिथंच फाडून हातात दिलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी सुरक्षितता वगैरे काही डोक्यात नव्हतं. चार बुकं शिकलेली मी आणि मला हसतात म्हणजे काय, एवढंच होतं.

ठेकेदार जवळच उभा होता. म्हणाला, "म्याडम, तुम्ही कशाला डोकं लावताय? उद्यापास्नं घालत्यात का न्हाय बघा."

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायकांनी हेल्मेट घातली होती. तिसरं कार्ड झालं की घरी, असा दम त्यानं भरलेला. बुचड्यावर हेल्मेट, हेल्मेटवर चुंबळ, चुंबळीवर घमेलं. एका हातानं घमेलं धरायचं, दुसऱ्या हातानं घसरणारं हेल्मेट. म्हणजे जिना चढताना भिंतीला लावायला हात उरला नाही. आणि मी काय केलं? मी फोटो काढला. ऑफिसला पाठवला. खाली लिहिलं, 'साईटवर एकही डोकं उघडं नाही.' साहेबांनी अंगठा पाठवला.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास, पहिल्या मजल्यावरून दुसऱ्याकडं वळणाऱ्या पायऱ्यांवर, मावशीच्या हेल्मेटवरनं चुंबळ सटकली. घमेलं मागं गेलं. दोन पायऱ्या खाली सून होती. मालानं भरलेल्या घमेल्याची लोखंडी कड तिच्या गळ्याखालच्या हाडावर बसली. ती भिंतीच्या अंगाला होती म्हणून जिन्यावरच कोसळली. दुसरी बाजू मोकळी होती, तिथं कठडाच नव्हता.

मी धावत पोचले तेव्हा मावशी सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दोघींच्या अंगावर ओला माल. मावशीनं सुनेच्या तोंडावरचा माल पदरानं पुसला. माझ्याकडं बघून म्हणाली, "घातलं की टोपडं. आता खूष?"

हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने हात हलवायचा नाही, वजन तर त्याच्याही पुढं.

घरी गेले. आईचं कामावर जाणं मी कधीच बंद केलं होतं, ती तांदूळ निवडत बसलेली. मी सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं.

"चुंबळ कशावर ठिवलेली?"

"हेल्मेटवर."

आईनं सूप खाली ठेवलं. "कलिंगडावर ताट ठिऊन जिना चढून बघ."

मी म्हटलं, "अगं, नियम आहे तो."

"मग नियमाला सांग की माल उचलाय." सूप परत मांडीवर घेत ती म्हणाली, "मला तरी इचारायचं हुतंस. मी हितंच बसल्याली असतो की रोज."

आईनं मला कधी मारलं नव्हतं. त्या दिवशी तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. पंधरा वर्षं जिच्या डोक्यावरच्या घमेल्यानं माझी फी भरली, तिला एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं. पोस्टरवाल्या गोऱ्या गड्याला मात्र मी विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी अपघाताचा अहवाल ठेकेदारानं भरून तयार ठेवला होता. 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं: कामगाराचा निष्काळजीपणा, घमेलं नीट न धरणे. खाली माझ्या सहीची जागा. सुनेच्या दवाखान्याचं कुणी बघायचं, तिला परत कामावर घ्यायचं की नाही, सगळं त्या रकान्यावर ठरणार होतं. आणि ठरलं तर काय ठरणार, तेही दिसत होतं.

ठेकेदार म्हणाला, "करा सही. माझंबी निस्तरतंय, तुमचंबी."

तुमचंबी. ह्या शब्दानं माझं डोकं फिरलं, कारण तो खोटं बोलत नव्हता. त्या कागदानं मी सुटत होते. मी त्याचं वाक्य खोडलं आणि लिहिलं: डोक्यावरून माल नेणाऱ्या बायकांना हेल्मेटची सक्ती सेफ्टी ऑफिसरनं केली. डोक्यावरून माल नेणं बंद केलं नाही. जिन्याला कठडा नव्हता, हे ठेकेदारालाही माहीत होतं आणि सेफ्टी ऑफिसरलाही. मग सही केली.

त्यानं वाचलं. "खुळ्या झालायसा काय? नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"बरं. मग बायकाच नकोत. झंझटच न्हाय. उद्यापास्नं गडी आणतो."

आणि त्यानं तसंच केलं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायकांना गेटबाहेर काढलं. मी बाहेर गेले तर मावशी डबा मांडीवर घेऊन रस्त्याकडेला बसलेली. मला म्हणाली, "आधी सुनंचा खांदा घेतलासा. आता माझी भाकरी."

मी सेफ्टी करायला गेले होते. निष्पन्न काय, तर एक बाई दवाखान्यात आणि बाकीच्या रस्त्यावर. बाईला धोका आहे का? मग बाई काढून टाका. धोका काढायचा नाही, तो राहू दे, तो बिनपगारी आहे.

माझ्या नेमणुकीच्या पत्रात एक वाक्य होतं, की जीवाला धोका दिसल्यास सेफ्टी ऑफिसर काम थांबवू शकेल. असली वाक्यं वापरायला लिहिलेली नसतात. मी वापरलं. जिन्याच्या पायथ्याला आडवी दोरी बांधली आणि पाटी लावली: डोक्यावरून माल नेणं बंद, बाई असो की गडी.

तासाभरात मॅनेजर साहेबांनी मला आणि ठेकेदाराला बोलावलं. साहेबांना विटकाम वेळेत हवं होतं. त्यांनी विचारलं, "मॅडम, माल वर जाणार कसा?"

मी म्हटलं, "स्लॅबचं काँक्रीट कसं गेलं? पंपानं. कारण त्या दिवशी मोठे साहेब बघायला येणार होते. विटेला आणि मालाला मशीन का नाही?"

ठेकेदार हसला. "मशीन हाय की माझ्याकडं. लिफ्टचं. गोडाऊनला पडलंय."

"मग आणलं का नाही?"

"त्याला डिझेल लागतंय, मेंटेनन्स लागतोय." त्यानं खांदे उडवले. "आणि बायका हाईतच की."

बायका हाईतच की. किती सहज म्हणाला. जसं पाण्याच्या टाकीला म्हणावं, पाणी हाय की. मशीन गंजत पडलं होतं, कारण माझी आई, मावशी, तिची सून ही मशीनं स्वस्त होती, त्यांना डिझेल लागत नव्हतं आणि मोडली तर दुसरी नाक्यावर उभी होती. आयुष्यात मी मोठ्यानं क्वचित बोलले असेन. त्या दिवशी केबिनच्या बाहेरचा शिपाई आत डोकावला, एवढी मोठ्यानं बोलले. काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटचं तेवढं लिहिते: "मशीन येईल, आणि ते ह्याच बायका चालवतील. नाहीतर दोरी सुटणार नाही."

"बायका लिफ्ट चालवणार?" ठेकेदारानं साहेबांकडं बघितलं, आता साहेब हसतील म्हणून.

साहेब हसले नाहीत. फार दयाळू होते म्हणून नव्हे. माझा अहवाल त्यांच्या टेबलावर होता आणि त्यात त्यांच्याही सहीची जागा होती. त्यांनी कागद एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला आणि ठेकेदाराला म्हणाले, "उद्या मशीन आणा."

मशीन यायला चार दिवस लागले. जिन्याला पाईपचा कठडा त्या आधी लागला. बायकांना परत बोलवायला मी स्वतः घरोघर गेले. मावशी पहिल्यांदा दारातनंच परत पाठवायला लागली. म्हणाली, "आता कुठलं टोपडं आणलंय?" मी मशीनचं सांगितलं. तिला खरं वाटेना. मग आली माझ्या मागोमाग, मशीन डोळ्यांनी बघायला.

एक म्हातारा ऑपरेटर आठवडाभर शिकवायला होता. त्याला वाटलेलं बायका ब्रेकला घाबरतील. तिसऱ्या दिवशी मावशीच त्याला सांगायला लागली, "आजोबा, बादली भरून वाहती करू नका. वर जाताना सांडतंय, खालच्याच्या डोस्क्यात पडंल." लहान मापाची, हनुवटीखाली पट्टा बसणारी हेल्मेट मी बायकांना विचारून, त्यांच्या डोक्यावर ठेवून बघून मागवली. मी कुणालाही कार्ड दिलं नाही. मावशी हेल्मेटचा पट्टा ओढत म्हणाली, "आता घालतो की. आता डोस्कं मोकळं हाय."

सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. सुनेचा डावा हात आजही पूर्ण वर जात नाही. केस विंचरायला तिला सासू लागते. तो ठेकेदार शहरात दुसऱ्या साईटवर आजही बायकांच्या डोक्यावरून माल चढवतो. तिथं माझं पत्र चालत नाही. रस्त्यानं जाताना दिसतं, आणि माझा जळफळाट होतो. मी थांबते, बोलते, मला हाकलतात.

पण ती इमारत पूर्ण होईपर्यंत एकही घमेलं कुणाच्या डोक्यावरून वर गेलं नाही. बायका सगळ्या कामावर राहिल्या. सून चार महिन्यांनी परत आली आणि लिफ्टच्या वरच्या टोकाला इशारा द्यायच्या कामावर लागली. कारखान्याच्या पुढच्या प्रत्येक बांधकामाच्या करारात आता दोन वाक्यं असतात: माल डोक्यावरून नेता येणार नाही, आणि ह्या कारणासाठी कुणाही बाईला कामावरून कमी करता येणार नाही. ती दोन्ही वाक्यं मी लिहिली आहेत.