उत्तराचे आठ खासदार

मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळींत उत्तराला सगळे 'जपानी काकू' म्हणत. पुण्यात कॉलेजात असताना ती हौसेनं जपानी शिकली होती. नवरा गुरुदत्त मोटार कंपनीत इंजिनिअर म्हणून तिकडे आला, तेव्हा प्रेशर कुकरबरोबर तिनं जपानी शब्दकोशही बॅगेत कोंबला. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिनं विद्यापीठात नाव घातलं आणि पीएचडीला विषय घेतला न्यू लिबरल क्लब या चिमुकल्या जपानी पक्षाचा.

हा पक्ष तिच्या मनातच भरला होता. १९७६ साली लाचेचं मोठं प्रकरण बाहेर आलं आणि सहा खासदार सत्ताधारी पक्ष सोडून बाहेर पडले. विचारांनी तेही जुन्या वळणाचेच, पण कारभार स्वच्छ हवा म्हणणारे. पहिल्याच निवडणुकीत सतरा जण निवडून आले. पुढच्या खेपेला उरले चार. नंतर जरा सावरले, तरी प्राध्यापक उत्तराला म्हणाले की मरायला टेकलेल्या पक्षावर वर्षं घालवू नका. त्यात जपानी गाड्यांमुळे डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांतल्या नोकऱ्या जात होत्या, आणि तिथं तेव्हा जपानचं नाव काढलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडत. गुरुदत्तचा मित्र प्रल्हाद तर लेऑफमध्ये, नोकरकपातीत सापडलेला. वहिनींना अभ्यासाला दुसरा देश मिळाला नाही का, असं तो तोंडावर विचारायचा.

१९८३च्या डिसेंबरात जपानमध्ये मतदान झालं. तिकडे मतमोजणीची रात्र, इकडे रविवारची सकाळ. प्रल्हाद नाश्त्याला आला होता. उत्तरा शॉर्टवेव्ह रेडिओला कान लावून बसली होती, पोहे गार होत होते. खरखरीतून आकडे येत होते. तिचा पक्ष बारावरून आठवर घसरला होता. गुरुदत्तनं हळूच रेडिओ बंद करायला हात पुढे केला.

"थांबा," ती म्हणाली. "मोठ्या सत्ताधारी पक्षाचं बहुमत हुकलंय."

प्रल्हादनं बशी खाली ठेवली. "म्हणजे?"

"म्हणजे आता त्यांना आधार लागणार. माझ्या आठ जणांना भाव आला, भावजी!"

प्रल्हाद खुर्ची ओढून रेडिओजवळ आला. जनता पक्षाचं सरकार पडताना त्यानं असेच आकडे जुळवले होते. दुपारपर्यंत तो तावातावानं सांगत होता की आठ जणांनी एक मंत्रिपद तरी मागून घ्यायलाच हवं. आणि खरंच, महिना संपायच्या आत युती झाली, एक मंत्रिपद मिळालं. ती बातमी आली तेव्हा उत्तरानं प्रल्हादला फोन करून सांगितलं आणि संध्याकाळी शिरा केला. प्राध्यापकांनीही मग विषय बदलायचं नाव काढलं नाही.

१९८६च्या उन्हाळ्यात मात्र मोठ्या पक्षाला दणदणीत बहुमत मिळालं. आता त्यांना कुणाचीच गरज नव्हती. ऑगस्टमध्ये क्लब विसर्जित झाला आणि बहुतेक सगळे जुन्या घरी परतले.  तिसऱ्या दिवशी उत्तरानं टाइपरायटर पुढे ओढला आणि शेवटचं प्रकरण नव्यानं लिहायला घेतलं.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तिला विचारलं, हे सगळं फुकटच गेलं ना? ती म्हणाली की दहा वर्षं मोठ्या पक्षाला जपून पावलं टाकावी लागली, ते फुकट कसं? आणि एक जण परतलाच नाही. त्यानं एकट्यानं नवा पक्ष काढलाय.

परीक्षक हसले. तिला पदवी मिळाली. बाहेर गुरुदत्त गाडी घेऊन उभा होता. गाडीत बसता बसताच ती त्या एकट्याबद्दल सांगायला लागली, आणि घर येईपर्यंत थांबली नाही.