पहिल्या टप्प्यावरचं झाड

मुलीच्या व्हिडिओ गेममधल्या एका झाडाचा मला मनापासून राग येतो. पन्नाशीला टेकलेल्या बाईने पडद्यावरच्या झाडावर चिडावं हे काही बरं दिसत नाही, पण ते झाड आहेच तसं. जाड बुंधा, बुंध्यावर दोन डोळे आणि लांब नाक. मुलीचा गोलमटोल गडी समोर आला की ते फुंकर मारतं, वरून सफरचंदं टाकतं, पण जागचं हलत नाही. मुलगी त्याचीच सफरचंदं त्याच्यावर फेकून मारते. थोडे तडाखे बसले की झाड रडायला लागतं आणि मुलगी पुढच्या टप्प्यावर जाते.

एकदाच असतं तर मी विसरले असते. पण या गेमचे भागावर भाग निघत गेले आणि बहुतेक प्रत्येकात हे झाड पुन्हा हजर. मुलगी चौथीत असताना नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी जुना हातातला गेम दिला होता, त्यात होतं. पुढे टीव्हीला जोडायचा आणला, त्यातही होतं. चित्रं सुधारली, पानं खरी वाटायला लागली, झाडाची जागा मात्र तीच. ते 'बॉस' असतं, असं मुलीने मला समजावलं होतं. बॉस, पण पहिल्या टप्प्यावरचा. ज्याला हरवूनच सगळे खेळायला शिकतात तो.

माझं ऑफिस शहराच्या मध्यभागी, एस्प्लनेडला आहे. केंद्र सरकारचं खातं, बंदरातून येणाऱ्या मालाची कागदपत्रं तपासायचं काम. नवीन माणूस रुजू झाला की आधी माझ्या टेबलाशी येतो. कागद कसा वाचायचा, कुठे शंका घ्यायची, साहेबाला काय विचारायचं आणि काय मुळीच विचारायचं नाही, हे मी शिकवते. सगळे मला दिदी म्हणतात. शिकून झालं की परीक्षा देतात, बढती घेतात आणि जातात. नंतर कधी भेटले की म्हणतात, दिदी, तुम्हीच आम्हाला तयार केलं. मी हसते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

मला बढती मिळाली नाही असं नाही. मी ती नाकारली. आमच्याकडची रीत अशी की आधी होकार द्यायचा, मग कुठे पाठवणार ते कळणार. आधी विचारायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. नवऱ्याची नोकरी गार्डन रीचला, खासगी कंपनीत, तिची बदली होत नाही. आम्ही राहतोही तिथेच. पहिल्यांदा विचारणा झाली तेव्हा मुलगी लहान होती, इथे, आपल्या मुलखापासून इतक्या लांब, ना आजी ना मावशी. मी नाही म्हटलं. माझ्या जागी ज्याला बढती मिळाली त्याला थेट दूरच्या पारादीप बंदरावर पाठवलं, आणि वाटलं, बरं झालं, सुटलो.

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मुलगी दहावीला होती. पुन्हा नाही म्हटलं. या वेळी बढती गेली मीच शिकवलेल्या एका मुलीला, आणि तिला पोस्टिंग मिळालं खिदिरपूरला. माझी बस रोज खिदिरपूरवरूनच एस्प्लनेडला जाते. मी नाकारलेली खुर्ची माझ्या स्वतःच्या ऑफिसपेक्षा घराला जवळ निघाली. बस त्या इमारतीसमोर सिग्नलला थांबते, आणि एरवी कुठेही न अडकणारी बस तिथे हटकून अडकते. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या दिसतात. मी बॅगेत काहीतरी शोधल्यासारखं करते.

घरी हे बोलायची सोय नव्हती. नवरा म्हणायचा, तुझं तू ठरव. ऐकायला फार उदार वाटतं. पण दोन्ही वेळा मी ठरवलं तेव्हा त्याची नोकरी, मुलीची शाळा आणि घराचं भाडं माझ्याच पानात वाढलेलं होतं, त्याच्या पानात काही नव्हतं. भांडायला जावं तर भांडणार कशावर, त्याने तर मला कधी अडवलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा विचारणा झाली. मुलगी आता कॉलेजात जाते. उत्तर द्यायचा शेवटचा दिवस सोमवार होता. नाही म्हटलं तर पुन्हा विचारतील असं माझं वय उरलेलं नाही. आदल्या रविवारी मी सकाळपासून घरभर धुसफुसत होते. डाळ कुकरला लावली आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसले. मुलगी गेम खेळत होती, त्याच मालिकेतला पूर्वी न खेळलेला एक भाग.

आणि या भागात झाडाला पाय होते. लोखंडी, यंत्राचे. ते चक्क उठलं आणि चालायला लागलं. मी पुढे सरकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते जागचं हललं होतं, आणि मला खरंच आनंद झाला. मुलीचा गडी पायाखाली सापडला तेव्हा मी टाळी वाजवली. तिने चमकून माझ्याकडे पाहिलं. पण थोड्याच वेळात पाय गळून पडले, झाड रडायला लागलं आणि खेळ पुढे सरकला.

"पाय दिले तरी पहिलाच का गं?" मी विचारलं.

"आई, तो नेहमी पहिलाच असतो."

माझं डोकं फिरलं. एवढी यंत्रं बसवली, चालायला शिकवलं, आणि बसवलं परत त्याच टेबलाशी. मी उठले. कुकरची शिट्टी झालीच होती. उठता उठता तोंडातून निघून गेलं, याच्यानंतर कोण असतं कोण जाणे.

मुलीने खेळ थांबवला. "तुला माहीत नाही?"

"मला कसं माहीत असणार?"

"चौथीपासून तू माझ्या शेजारी बसतेस." ती इथेच वाढली, तिचं मराठी अडखळत येतं, त्यामुळे ती फार सरळ बोलते. "झाड मेला की तू उठते. स्वयंपाक आहे म्हणते. एकदा पण थांबली नाहीस. मला वाटायचं तुला तेवढंच बघायला आवडतं."

मी तशीच उभी राहिले. तेवढंच आवडतं. ऑफिसात माझ्याबद्दल हेच म्हणतात, दिदीला इथेच बरं वाटतं. घरातही तेच वाटत असेल, तर मी इतकी वर्षं कुणावर चिडत होते? मी कुणाला सांगितलंच नव्हतं की मला पुढे जायचं आहे.

कुकरची दुसरी शिट्टी झाली. मी आतल्या खोलीकडे तोंड करून नवऱ्याला सांगितलं की उठून गॅस बंद कर, आणि खाली बसले. तो उठला. मुलीने खेळ सुरू केला. दुसऱ्या टप्प्याचा बॉस आला, भलतंच काहीतरी होतं, सगळा पडदा व्यापून बसलेलं. त्याने मुलीला तीनदा लोळवलं. मी सगळं पाहिलं. मग तिला म्हटलं की मी उद्या बढतीला होकार देणार आहे, कुठे पाठवतील ते ठाऊक नाही. ती म्हणाली, "मग जा ना, आई." एवढंच, आणि पुन्हा खेळायला लागली.

सोमवारी होकार देऊन आले. पोस्टिंग अजून कळलेलं नाही. गुवाहाटी म्हणतात, विशाखापट्टणम म्हणतात, दर दुपारी चहाबरोबर नवीन गाव निघतं. बस अजूनही खिदिरपूरला सिग्नलला थांबते, आणि मी आता त्या खिडक्यांकडे बघते. तिथे काही मला पाठवणार नाहीत. ती जागा भरलेली आहे, आणि जिने ती भरली तिला काम मीच शिकवलंय.