आगाशे सरांचं सावधान

नारायण पेठेतल्या यज्ञेश्वर आगाशे सरांनी अख्खी हयात शाळेत कवायत घेतली. पोक काढून उभा राहणारा पोरगा दिसला की सर त्याच्या पाठीत असा धपाटा घालायचे, की पोरगं पुढे बोहल्यावरसुद्धा ताठ उभं राहायचं. आणि निवृत्तीनंतर मणका सरकला तो सरांचाच! डावा पाय बधिर झाला. पायातली चप्पल निसटली तरी कळेना. डॉ. माधव रिसबूड म्हणाले, "ऑपरेशन लवकर करू. उशीर केलात तर पाय जाईल." सरकारी योजनेतून मंजुरीही आली.

तेवढ्यात सरकारला साक्षात्कार झाला, की योजना आहे म्हणून डॉक्टर उठसूट लोकांचे मणके उघडतात. झालं! फेरआढावा होईपर्यंत सगळी ऑपरेशनं बंद. लबाड राहिले बाजूला, आणि ज्यांचं खरंच दुखत होतं ते बसले बोंबलत.

मणक्याच्या डॉक्टरांनी यावर काय करावं? पुण्यात करतात तेच. सभा घेतली. आढाव्याच्या साहेबांना बोलावलं आणि ऑपरेशनवाचून अडलेला रुग्ण म्हणून सरांना पहिल्या रांगेत बसवलं.

"दुखलं की खुशाल कण्हा सर. साहेबांना दिसू दे," रिसबूड कानात म्हणाले.

"चारचौघांत? शोभतं का ते?"

"शोभा राहू दे, पाय घालवून बसाल," सरांच्या पत्नी प्रेमलाताई फणकारल्या.

मग साहेबांचा सत्कार झाला. सत्कार करणाऱ्यांचाही सत्कार झाला. एका तज्ज्ञाने परदेशातल्या मणक्यांवर भाषण ठोकलं, दुसऱ्याने ते खोडून काढलं. सर ओठ चावत, घाम पुसत बसले होते. अहो, हॉलभर मणक्याचे तज्ज्ञ, पण लोखंडी खुर्चीवरच्या त्या माणसाकडे एकाने वळून पाहिलं असेल तर शपथ! भाषणं लांबली, तेव्हा सूत्रसंचालकाने गोड आवाजात जाहीर केलं, "वेळेअभावी रुग्णाचं मनोगत रद्द करत आहोत." आणि राष्ट्रगीत लागलं.

प्रेमलाताईंनी सरांचं मनगट घट्ट धरलं. "बसा हो! कोणी नावं ठेवणार नाही."

राष्ट्रगीताला आगाशे सर बसणार? हात झिडकारून ते उठले. टाचा जुळवलेल्या, छाती पुढे, नजर समोर. चेहऱ्यावर आठीसुद्धा नाही.

"हे तुमचे रुग्ण?" राष्ट्रगीत संपताच साहेब रिसबुडांना म्हणाले. "आमच्या ऑफिसात एवढं ताठ कोणी उभं राहत नाही. यांना कसलं ऑपरेशन?" आणि शाल काखेत मारून ते चालते झाले.

"घात केलात सर! उठलात कशाला?" रिसबूड ओरडले.

"आणि तुम्ही त्यांना बोलू का दिलं नाहीत?" प्रेमलाताई कडाडल्या.

बाहेर बटाटेवडे निवत होते, डॉक्टरांसकट सगळी मंडळी तिकडे वळली. सर मात्र सावधानमध्येच.

"अहो, आता चला की!"

"साहेब गेले का गं?"

"केव्हाच गेले."

"मग धर मला," सर हळूच म्हणाले. "उजवाही पाय कळेनासा झालाय."