अशरफीच्या बुटीची गोळी

आमच्या बिदरजवळच्या नौबादेत माणिकराव तिघे आहेत. एक दूधवाले, एक पटवाऱ्याचे मेहुणे आणि तिसरे बंदूकवाले. पहिल्या दोघांना हाक मारली की ते लगेच वळतात. बंदूकवाले वळत नाहीत. ते आधी घसा साफ करतात, हुं, हुं, हुं, बरोबर तीनदा, गजाने दारू ठासावी तसं, आणि मगच वाक्य सोडतात. त्यांची नक्कल करायची तर हे तीन हुंकार मोजून करावे लागतात. चौथा निघाला की ते गुरुपादय्या मास्तर होतात.

बंदूक त्यांच्या वडिलांची, निजामाच्या काळातली, ठासणीची. तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी सोडायची, गजाने ठासायची, मग घोडा ओढायचा. परवाना पीकरक्षणाचा. बंदूकवाल्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांची पाच एकर ज्वारी-तूर ओढ्याच्या काठाला आहे आणि ओढ्यात रानडुकरं आहेत, म्हणून सरकारने तो दिलेला. पण डुकरं हाकलायचं काम कमलकाकूंकडे. त्या शेतातल्या माळ्यावर बसून रॉकेलचा रिकामा डबा बडवतात. काकांनी डुकरावर बंदूक उडवली ती एकदाच. काकू सांगतात की बार झाल्यावर डुक्कर थांबलं, मागं वळून बघितलं आणि सावकाश चालत गेलं.

तरी बंदुकीचं वजन गावात होतं. लग्नात काकांना नवरदेवाच्या शेजारची गादी. सोसायटीच्या बैठकीत खुर्ची. न्हाव्याकडे गेले की अर्धी दाढी झालेला माणूस उठून जागा द्यायचा. दसऱ्याला काका बंदूक अंगणात मांडत आणि गल्लीतल्या बायका तिला हळदकुंकू लावून जात. काका बाजूला उभं राहून नमस्कार स्वीकारत.

अडुसष्ट साली दिवाळीनंतर पोलीस ठाण्यातून कागद आला. कागद कानडी, म्हणून काका तो शेजारच्या गुरुपादय्या मास्तरांकडे घेऊन गेले. मास्तर वाचताना चष्मा काढतात. त्यांनी चष्मा काढून कागद दोनदा वाचला आणि मराठीत सांगितलं की तालुक्यातल्या सगळ्या पीकरक्षणवाल्यांनी येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी ठाण्यामागच्या मैदानात यायचं. चाळीस पावलांवर मडकं ठेवणार. मडकं फुटलं तर परवाना पुढे चालू. न फुटलं तर बंदूक ठाण्यात जमा.

काका ओट्यावर बसले. हुंकार दोनच निघाले.

घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं. काकू तूर निवडत होत्या. त्यांनी वर न बघता म्हटलं की जाऊ द्या, भिंतीवरची खुंटी मोकळी होईल, चाळण अडकवायला जागा न्हाई.

"बंदूक गेल्यावर लोक मला हाक काय मारतील?" काका म्हणाले.

"माणिकराव म्हणतील. आई-बापानं ठेवलंय की नाव."

"तसले दोघं आधीच हायत गावात."

यावर काकूंनी वर बघितलं. नवऱ्याचं तोंड खरोखरच उतरलेलं होतं.

अडचण अशी की दारूची पुडी होती, पण घरात गोळी एकही नव्हती. बिदरच्या दुकानातली गोळी या बंदुकीत चालत नसे. नळी कुण्या लोहाराने हाताने घडवलेली, तिचं माप जगात दुसऱ्या कशाशीच जुळत नव्हतं. दुकानातली गोळी आत टाकली की डब्यात वाटाणा वाजावा तशी वाजे. पूर्वी बंदुकीबरोबर तिचा स्वतःचा साचा होता. काकांच्या आईने तो भंगारवाल्याला देऊन पिठाची चाळण घेतली होती. तीच ही, जिला आता खुंटी हवी होती.

तेव्हा काकांनी ठरवलं की गोळ्या घरीच ओतायच्या.

ते पहिल्यांदा तिप्पण्णा लोहाराकडे गेले. तिप्पण्णाने सांगितलं, अण्णा, फाळ सांगा, कुळवाची पास सांगा, वाटाण्याएवढ्या वस्तूला माझा हात बसत न्हाई. साचाच पाहिजे तर बिदरीवाल्याकडं जावा, ती माणसं जन्मभर साच्यातच बसलेली. काकांना ते पटलं. बिदरीकाम म्हणजे जस्ताची ओतीव सुरई, त्यात चांदीची तार ठोकून काढलेली वेलबुट्टी. ज्याला सुरई ओतता येते त्याला गोळी काय जड.

पण माप कसं न्यायचं? बंदूक घेऊन बिदरच्या बाजारातून जायची काकांची छाती नव्हती. कुणी म्हटलं उडवून दाखवा तर? शेवटी काकूंनी गाजर घेतलं, चाकूने सोलत सोलत नळीच्या तोंडात घट्ट बसेल एवढं केलं, तुकडा कापला आणि सुकू नये म्हणून ओल्या फडक्यात बांधून दिला.

बिदरीवाल्या बंदेनवाज उस्तादांनी फडकं सोडलं, गाजर हातात घेतलं, वास घेतला. उस्ताद फार हळू बोलतात. एकेक शब्द आधी तोंडात घोळवतात, मग पान थुंकावं तसा बाजूला ठेवतात. त्यांनी सांगितलं की बाप-दादांपासून हुक्के केले, पानदान केलं, गाजराचा साचा करायची वेळ आली नव्हती. पण करू. दहा दिवसांनी या.

दहा दिवसांत काकांनी परसातल्या कडुलिंबाखाली कारखाना उभा केला. जुन्या दाराची फळी दोन दगडांवर टाकली, तिच्यावर कानस, पक्कड, पाण्याची कढई. शेजारी कोळशाची शेगडी. हे सगळं आधी त्यांनी ओसरीवर मांडलं होतं. शिशाचा धूर घरात नको म्हणून काकूंनी शेगडीसकट त्यांना बाहेर काढलं. शिसं आणलं भोयाकडून. त्याचं जाळं फाटलं होतं आणि जाळ्याला बांधायचे शिशाचे मणी तसेच पडून होते. मण्यांना माशांचा वास. शिसं तापायला लागलं की गल्लीतली सगळी मांजरं लिंबाखाली जमत. वितळवायला काकांनी स्वयंपाकघरातली लोखंडी पळी उचलली. काकूंना कळलं तेव्हा त्या पळीसाठी इतकं रडगाणं झालं की ईरम्मा अक्का शेजारून विचारायला आल्या, कोण गेलं म्हणून. पळी पुन्हा घरात आली नाही.

साचा आला. पितळी, दोन पाकळ्यांचा, कडीने मिटणारा. काकांनी पहिला ओत टाकला तेव्हा आम्ही सगळे लांब उभे होतो. साच्यात पाण्याचा थेंब राहिला होता. शिसं आत पडताच फाटकन उडालं आणि काकांच्या धोतराला नऊ भोकं पडली. गुरुपादय्या मास्तरांनी मोजून सांगितलं की बंदुकीने टिपलेली ही पहिली शिकार. मग साचा शेगडीवर कोरडा करून काकांनी दुसरा ओत टाकला, थोडं थांबले, कडी उघडली.

गोळीवर फूल होतं.

साधं खरवडलेलं नव्हे. चांगलं उठावाचं, पाकळ्यापाकळ्यांचं, देठ आणि दोन पानांसकट, गोळीला वेढा घालून परत देठाशी आलेलं. उस्तादांनी साच्याच्या आतून अशरफीची बुटी कोरली होती, जी ते सुरईवर काढतात. काका तसेच बिदरला गेले आणि म्हणाले की उस्ताद, हे गोळीला कामून? उस्तादांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"सादी चीज हमारे हात से नै निकलती जी," ते म्हणाले. "हात कू शरम आती."

फुलामुळे गोळी नळीत जाईना. काकांनी एक गोळी कानशीने घासून गुळगुळीत केली. ती बरोबर सरकन गेली. म्हणजे काकूंचं गाजर अचूक होतं. आता काम उरलं होतं ते सगळ्या गोळ्या घासायचं. पण घासायला बसलं की कुणीतरी फूल बघायला येई. ईरम्मा अक्कांनी दोन नेल्या, त्यांना पडद्याच्या दोरीला बांधायच्या होत्या. दूधवाले माणिकराव आले, त्यांनी गोळी उन्हात फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाले, "बंदूकवाले, हे घासायला तुमचा हात कसा उठायलाय?" त्या दिवशी कानस उठली नाही. पटवाऱ्याच्या मेहुण्यांनी तर आपल्या कोटाला सहा बटणं पाहिजेत म्हणून निरोप धाडला. काका रोज सकाळी ओतत आणि रोज संध्याकाळी रिकाम्या पळीत मांजरं तेवढी डोकावत बसत. गोळ्या वाटून संपलेल्या असत.

येळवस आली. सगळं गाव शेतात. कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडलेले, आंबिलीचं मडकं, भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे. आम्ही सगळे काकांच्याच शेतात जेवलो. जेवताना काकांचं लक्ष मडक्याकडे. ते चाळीस पावलं मोजून लांब गेले, तिथून आंबिलीच्या मडक्याकडे एक डोळा मिटून बघितलं, आणि काकूंनी मडकं उचलून खोपीच्या मागे नेऊन ठेवलं.

दुपारी बांधावर बसून काकांनी उरलेल्या सहा गोळ्यांपैकी पाच घासल्या. सहावी ठेवली.

"ही कशाला?" काकूंनी विचारलं.

"साहेबाला दाखवायला. खिशात ठेवतो."

काकू म्हणाल्या की साहेब गोळी बघायला बोलावत न्हाई, मडकं बघायला बोलावतोय, ती घरीच ठेवा. काकांनी घसा साफ केला आणि गोळी डाव्या खिशात टाकली. घासलेल्या पाच उजव्या.

मैदानात एकूण सात बंदुका जमल्या होत्या. फौजदार नवे, खाली म्हैसूरकडचे. त्यांचं कानडी इतकं स्वच्छ, इस्त्री केलेलं, की आमच्याकडच्या कानडीवाल्यांनाही ते रेडिओसारखं वाटायचं. गुरुपादय्या मास्तर दुभाषा म्हणून शेजारी उभे. पहिल्या तिघांतून एकाचं मडकं फुटलं, दोघांच्या बंदुका राइटरने, म्हणजे ठाण्याच्या कारकुनाने, लिहून घेतल्या आणि मागे उभ्या करून ठेवल्या. मग काकांचं नाव आलं.

काका पुढे झाले, दारू मापून नळीत ओतली आणि मग त्यांना राहवेना. त्यांनी डाव्या खिशातली गोळी काढून फौजदारांपुढे तळहातावर धरली.

फौजदार वाकले. "गुंडिनल्ली हूवा?" ते म्हणाले. गोळीत फूल, असं मास्तरांनी सांगायच्या आधीच सगळ्यांना कळलं. फौजदारांनी गोळी बोटात फिरवली, राइटरला दाखवली, राइटरने हवालदाराला दाखवली. घरी केली का, साचा कुणाचा, सगळं विचारून झालं. काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग फौजदारांनी गोळी काकांच्या हातात परत दिली, मडक्याकडे हात केला आणि हो म्हणून मान हलवली.

काकांनी हातातली गोळी नळीत सोडली.

नळीच्या तोंडाशी फूल आधी अडलं, पण शिसं मऊ. काकांनी गज घालून ठासलं. हुं. पुन्हा ठासलं. हुं. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून. गोळी अर्ध्या नळीत गेली आणि तिथे जी रुतली ती ना खाली ना वर. काकांनी उजवा खिसा चाचपला. पाचही गोळ्या तिथेच होत्या. तरी त्यांनी घोड्याकडे हात नेला.

फौजदारांनी झडप घालून बंदूक हिसकावली. घोडा ओढला असता तर नळी फाटून काकांच्या तोंडावर आली असती, हे मास्तरांनी नंतर शांतपणे सांगितलं. तेव्हा मात्र मास्तर झाडामागे होते. हवालदाराने कळशी आणली, घोड्याखालच्या भोकातून पाणी घालून दारू भिजवली. मग फौजदारांनी गज आत टाकून बघितलं. गज अर्ध्यात टक् करून थांबला. त्यांनी राइटरला सांगितलं, मडकं फुटलं नाही, बंदूक जमा करून घे.

राइटर बिदरचा. त्याला कानडी, मराठी, उर्दू तिन्ही सारख्याच कंटाळ्याने येतात. त्याने वही उघडली आणि रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला की साहेब, जमा करताना इथे "नळी रिकामी" लिहावं लागतं. भरलेलं हत्यार कोठीत ठेवता येत नाही. ही भरलेली आहे.

फौजदार म्हणाले की दारू भिजली. राइटर म्हणाला की दारूचा रकाना वेगळा, गोळीचा वेगळा. तर मग गोळी काढा, फौजदारांनी फर्मावलं. हवालदाराने बंदूक उलटी करून आपटली, तारेने खोदलं, पार घामाघूम झाला. फूल नळीच्या आत असं पकडून बसलं होतं की जणू तिथेच उगवलं.

मागे अजून तिघं रांगेत होते आणि ऊन चढत होतं. फौजदारांनी मास्तरांना विचारलं की हा माणूस असं काय करायला आला होता. मास्तरांनी काय उत्तर दिलं ते कुणाला ऐकू आलं नाही, पण फौजदार हसले. राइटरने त्यांच्या सांगण्यावरून लिहिलं: गोळी निघेपर्यंत परीक्षा तहकूब, तोवर परवाना चालू, दरसाल तपासणीला आणावी.

काका बंदूक खांद्यावर टाकून घरी आले. न्हाव्याच्या दुकानापुढून मुद्दाम.

त्याला आता सहा वर्षं झाली. म्हैसूर राज्याचं नावसुद्धा बदलून कर्नाटक झालं. तीन फौजदार बदलले. दरवर्षी काका धुतलेलं धोतर नेसून ठाण्यात जातात, नवा फौजदार गज आत टाकतो, टक् होतं, राइटर तेच वाक्य पुन्हा उतरवतो. ज्यांची मडकी फुटली होती त्यांना मधे दोनदा परीक्षा द्यावी लागली आणि त्यांतल्या एकाची बंदूक गेली. काकांची गेली नाही. काकू माळ्यावर डबा बडवतात. लिंबाखालचा कारखाना चालू आहे. शिशाची बटणं आणि पडद्याचे लटकन काकू घरच्या घरी पसंत करतात, म्हणजे फुलं नीट उठली नाहीत तर पुन्हा ओतायला लावतात.

परवा तिप्पण्णा लोहार भाता दुरुस्त करून परत जाताना काकांच्या ओट्यावर टेकला. त्याने बंदूक मांडीवर घेतली, नळीत एक डोळा लावून बघितलं आणि सहज म्हणाला, "अण्णा, एवढंच ना? नळी तापवली की शिसं आपसूक खाली येतंय. आणा भट्टीवर, पाच मिनिटाचं काम."

काकूंनी चहाचं आधण ठेवलं होतं, ते त्यांनी तसंच खाली उतरवलं. काकांनी तिप्पण्णाच्या मांडीवरून बंदूक उचलली, खुंटीला अडकवली, आणि तीनदा घसा साफ केला.

"तिच्यापाशी जायचं न्हाई," ते म्हणाले. "परवाना आता त्या गोळीच्या जिवावर हाय."