मामांनी जागा सोडली नाही

माझे मामा लेथ मशीनच्या कारखान्यात फोरमन होते. तिथे त्यांना सगळे ‘भोंगा’ म्हणत. सगळी मशिनं चालू असताना त्यांनी या टोकाकडून हाक मारली, तर त्या टोकाचा माणूस हातातलं काम थांबवून वळून बघायचा. रविवारी हाच आवाज आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये मागच्या ओळीत उभा राहायचा. खालच्या पट्टीत मामांनी सूर लावला की बाकं थरथरतात, असं आम्ही लहानपणी खरंच मानायचो.

त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल. कॉयरमधली मंडळी दवाखान्यात भेटायला आली आणि म्हणाली, शेवटचं एक गीत आमच्यासोबत म्हणा. मामांनी साफ नकार दिला. म्हणाले, “माझा निरोप समारंभ करायला आलात काय? चहा घ्या आणि घरी जा.” आम्ही त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते जवळजवळ शेवटचं वाक्य.

ऑपरेशननंतर मामांच्या गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक राहिलं. श्वास आता तिथूनच चालायचा. त्यावर मामी सुती कापडाचा छोटा पडदा बांधायची. खोकला आला की तोही तिथूनच, मोठा आवाज करत. आंघोळ करताना पाणी आत जायची भीती. वास येणं जवळपास बंद. बोलायचं झालं की मामा खडूने लोखंडी कपाटाच्या दारावर लिहीत. मामी त्या दाराला फळा म्हणू लागली.

भेटायला येणाऱ्यांचा ताप वेगळाच. मामीची एक लांबची नणंद उपास आणि प्रार्थना करण्यात सगळ्यांच्या पुढे. ती तास दीड तास बसली आणि निघताना मामीला म्हणाली, की घरात विश्वास पुरेसा असता तर प्रभूने गळ्याला सुरी लागूच दिली नसती. कुठेतरी काहीतरी कमी पडलं असणार. मामी खाली मान घालून उभी राहिली. मामा उठले आणि कपाटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘विश्वास गळ्यात नव्हता. कापला गेला नाही.’ मग स्वतः जाऊन बाहेरचं दार उघडून धरलं. नणंदबाई चपला घालता घालता काहीतरी पुटपुटल्या, पण परत आल्या नाहीत.

म्हणून मामा आतून शांत होते असं कोणी समजू नये. संध्याकाळच्या प्रार्थनेला ते बसत, पण मान झुकवत नसत. छताकडे बघत राहायचे, एखाद्या कामचुकार माणसाकडे बघावं तसे. दवाखान्यातल्या, पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना नवी युक्ती दिली होती. हवा गिळायची, अन्ननलिकेतून ढेकरेसारखी वर आणायची आणि त्या ढेकरेचा शब्द करायचा. मामा रोज सराव करत, पण नुसती ढेकर यायची. शब्द काही यायचा नाही. एकदा संतापून त्यांनी पाण्याचा ग्लास भिंतीवर मारला. मामीने काचा गोळा केल्या आणि म्हणाली, “रागवायचं तर देवावर रागवा. तो ऐकून घेईल. ग्लास मात्र आता मोजकेच उरलेत.”

मामांनी हा सल्ला फार मनावर घेतला. रोज सकाळी उठल्याबरोबर ते कपाटाच्या आतल्या बाजूला देवाला उद्देशून लिहू लागले. मामीने कधी वाचलं नाही, पण ती सांगते की खडू फार लवकर संपायचे.

ताकद येताच ते कॉयरमध्ये परत जाऊन उभे राहिले. झगा घातलेला, हातात गीतांचं पुस्तक, तोंड बरोबर शब्दांवर हलतंय, आवाज शून्य. मधेच खोकला यायचा आणि गीताच्या मधोमध गळ्यातून शिट्टी वाजायची. तिसऱ्या रविवारी कॉयरचे मास्तर घरी आले. मामांसोबत वाढलेले, मनाने वाईट मुळीच नाहीत. त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं, की पहिल्या बाकावर मानाची जागा ठेवली आहे, तिथे आरामात बसा. लोकांचं लक्ष जातं हो, आणि नव्या मुलींचा सूर हलतो.

मामांनी खडू उचलला. ‘आवाज देवाने नेला. जागा नेली असती तर मला कळवलं असतं.’

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, “म्हणजे तू ऐकणार नाहीस.” मामांनी मान हलवली. पुढच्या रविवारी ते मागच्या ओळीत होतेच.

शब्द आला तो एका दुपारी जेवताना. मामीला वाटत होतं की पहिला शब्द येईल तो देवाच्या नावाचा. मामांनी घास खाल्ला, हवा गिळली आणि घोगऱ्या, तुटक आवाजात म्हणाले, “मीठ.” भाजीत मीठ नव्हतं. मामी हसायला लागली आणि मग तिला पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात जावं लागलं.

त्यानंतर काही महिन्यांनी मामांनी चर्चच्या पाळकांकडे उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचा हक्क मागितला. आजाराआधी त्यांची पाळी असायची. पाळक अडखळले. तुम्ही शेजारी उभे राहा, वहिनी वाचतील, असा मधला मार्ग त्यांनी सुचवला. “मीच,” मामा म्हणाले.

त्यांनी निवडलं ते स्तोत्र तक्रारीचं होतं. देवा, अजून किती काळ तोंड फिरवून बसणार, असं विचारणारं. मी दुसऱ्या बाकावर होते. मामा दोन शब्द वाचायचे, थांबायचे, हवा गिळायचे, पुढचे दोन शब्द. आवाज असा, जणू कोणी रिकामी बादली फरशीवरून ओढतंय. मागची मुलं फिसकन हसली. एक गृहस्थ उठून बाहेर गेले. मामांनी मान वर करून ते बाहेर पडेपर्यंत वाट पाहिली आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. मामी माझा हात इतका घट्ट धरून होती की तिची बांगडी माझ्या मनगटात रुतली. त्या स्तोत्राचा शेवट देवावर भरवसा ठेवण्याचा आहे. तिथे पोहोचेपर्यंत मामांच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि भरवशाचे शब्दही त्यांनी त्याच रागाने वाचले. ते इतके खरे मला आधी कधी वाटले नव्हते.

बाहेर आल्यावर कोणी पाया पडलं नाही की गळ्यातही पडलं नाही. दोघातिघांनी पाळकांकडे तक्रार केली, की उपासनेत असले आवाज शोभत नाहीत. पाळकांनी ती मामांच्या कानावर घातली. मामांनी विचारलं, “पुढची. पाळी. कधी?”

आता महिन्यातून एकदा मामा वाचतात. मास्तरांचं आणि त्यांचं अजून जेमतेम नमस्कारापुरतंच आहे. कारखान्यात ते तयार माल तपासायच्या टेबलावर असतात, आणि नापास केलेल्या मालावर कोणी हुज्जत घातली तर ढेकर देऊन उत्तर देतात. त्यांच्या वाचनाला वेळ लागतो म्हणून पाळकांनी त्या रविवारचा उपदेश बराच आखूड केला आहे. मंडळीतल्या पुष्कळ जणांना तो रविवार फार आवडू लागला आहे, पण कारण विचारलं की सगळे स्तोत्राचंच नाव सांगतात.