एका घरातले पाच रंग

शाईच्या डब्यात करंगळी बुडवायची, डाव्या हाताच्या पाठीवर एक ठिपका द्यायचा आणि त्याच्याकडे बघत बसायचं, समोरचा माणूस कितीही तणतणत असो. "तडी अक्का," अण्णा मला म्हणत. तडी म्हणजे कानडीत थांब. "शाई वाळू दे. मग भांड."

कमरीपेठेतल्या त्या छापखान्यात पायानं चालवायचं एक मशीन होतं आणि ते चालवणारे अण्णा होते. तुमच्यापैकी कुणी नव्वदच्या दशकात हुबळीत लग्नपत्रिका नाहीतर मोर्चाचं पत्रक छापून घेतलं असेल, तर तो ठिपका पाहिलाच असेल. माझे वडील चळवळीतल्या आमच्या मंडळाची पत्रकं लिहीत, मी ती वाटत असे. बाविसाव्या वर्षी माझं मत ठरलेलं नाही असा एकही विषय उरला नव्हता.

धारवाडच्या एका प्राध्यापकांनी अमेरिकेहून लहान मुलांचं एक पुस्तक आणलं. लेखिका काळी अमेरिकन, चित्रं तिच्या भावाची. आमच्या मंडळानं ते मराठीत काढायचं ठरवलं. गोष्ट एवढीच: सगळं घर फोटोसाठी दारात उभं आहे आणि आजीचा चष्मा सापडत नाही.

"यात लढा कुठंय?" मी अण्णांना विचारलं.

"आजी चष्म्याशिवाय फोटोत आली तर घरात जे होईल, तो लढा नाही होय?"

त्यांची नऊ वर्षांची मुलगी त्यांच्या जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिनं पान उलटलं आणि चित्रातल्या मुलीच्या गालाशेजारी स्वतःचा हात ठेवला. "अप्पा, माझा रंग."

रंगावरून शाळेत तिला काय म्हणत, ते मला माहीत होतं. अण्णांनी चित्रातली माणसं बोटानं मोजली. मग म्हणाले, "पाच माणसं, पाच तपकिरी. एकेका रंगासाठी मशीन पुन्हा चालवीन. महिना दे."

महिना नव्हता. पुस्तक ज्यात निघायचं होतं तो मंडळाचा मेळावा पंधरा दिवसांवर आला होता. शिवाय काळा हा माझ्यासाठी रंग नव्हताच, घोषणा होती. परवानगीच्या पत्रात त्या चित्रकारानं एकच अट घातली होती: आमच्या घरात प्रत्येकाचा रंग वेगळा आहे, तो वेगळा राहू द्या. ते पत्र मी मंडळात वाचलं नाही. अण्णांनाही दाखवलं नाही.

"एकाच शाईत छापा. काळ्या."

"नाक-डोळे बुजतील, अक्का."

"काळ्याची लाज वाटते तुम्हाला?"

त्या दिवशी त्यांनी हातावर ठिपका दिला नाही. सरळ मशीनला शाई लावली.

मेळाव्यात टाळ्या पडल्या. मी एक प्रत मुलीला नेऊन दिली. तिनं तेच पान काढलं. दारात पाच काळे आकार उभे होते, डोळे नाहीत, हसू नाही.

"अक्का, हिचं तोंड कुठं गेलं?"

"दुसऱ्या आवृत्तीत करू," मी तिला सोडून अण्णांना म्हणाले. त्यांनी मान डोलावली. पुढे दर भेटीत विचारत, "दुसरी कधी?" मी कधी संप सांगितला, कधी निवडणूक. मग ऑफसेट आलं, छापखाना बंद पडला, आणि विचारणारे अण्णा घरीच बसले.

ते गेले तेव्हा मी बेळगावात एका शिबिरात भाषण करत होते.

बारावं झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. मुलगी आता कलघटगीला शिक्षिका आहे. तिनं ती जुनी प्रत माझ्यापुढे ठेवली. शेवटच्या कोऱ्या पानावर बोटानं दिलेले तपकिरी ठिपके होते आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं: आजी, आई, बाबा, काका. प्रत्येकापुढे एकेकच ठिपका. 'मुलगी' या शब्दापुढे मात्र सात-आठ. त्या सात-आठांवर फुली, फक्त शेवटचा तसाच ठेवलेला.

"संध्याकाळी छापखाना मिटायच्या आधी रोज एक ठिपका करायचे," ती म्हणाली. "करून झाला की मला हात ठेव म्हणायचे. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर परत ठेव म्हणायचे."

तिनं त्या शेवटच्या ठिपक्याशेजारी हात ठेवला. रंग तोच होता.

शाई केव्हाच वाळली होती. भांडायला अण्णा नव्हते.